एक तास, तीन वर्ग: परिसर जोडून शिकवताना

खडूफळा | सोमवार, रात्री ९.४०

गेली ४ वर्षं मी एम.एस्सी. संख्याशास्त्राचा एक ऐच्छिक विषय व्हिडिओने जोडून एकाच वेळी तीन ठिकाणी शिकवते आहे. मुख्य परिसरात माझ्यासमोर १४ मुलं, घाटाखालच्या उपकेंद्रात ६ आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या उपकेंद्रात ५. विषय स्टोकॅस्टिक प्रोसेसेस, म्हणजे काळाबरोबर यदृच्छेने बदलत जाणाऱ्या गोष्टींचं गणित. पाच-सहा मुलांसाठी ऐच्छिक विषय उघडायची परवानगी मिळत नाही, त्यामुळे उपकेंद्रांत हा विषय एरवी कधी सुरूच झाला नसता. तिन्हीकडची मिळून २५ होतात म्हणून तो चालतो. ही व्यवस्था बंद पडावी असं मला मुळीच वाटत नाही. ती नीट चालावी असं फार वाटतं, म्हणून हा धागा.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते. फळ्यावर मार्कोव्ह साखळीचं मॅट्रिक्स लिहीत होते. त्यातले आकडे म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या शक्यता, म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज १ यायला हवी, माझ्या तिसऱ्या ओळीची १.१ होत होती. उजव्या फळ्याकडे वळून पुढचं लिहायला लागले तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने ते दाखवलं. मी परत येऊन ०.४ पुसून ०.३ केलं आणि पुढे गेले. दहा सेकंदांचं काम. पण तोवर कॅमेरा उजव्या फळ्यावर गेला होता, आणि त्या मुलीचा आवाज कुठल्याच माइकने घेतला नव्हता.

दोन आठवड्यांनी गृहपाठ आले. उपकेंद्रांतल्या ११ पैकी ९ जणांनी चुकीचंच मॅट्रिक्स धरून गणित सोडवलं होतं. एकाने खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मॅडम, तिसऱ्या ओळीची बेरीज १.१ येते, पण तुम्ही तसंच दिलं होतं.’

त्याला चूक दिसली होती. पहिल्या बाकावरच्या मुलीइतकीच चटकन दिसली असणार. पण ती सांगायची कशी हे त्याला कळलं नाही, आणि त्या खोलीत सांगावं असं कुणी नव्हतंही. शिपाई टीव्ही लावून, दार ओढून घेऊन जायचा, तासाच्या शेवटी बंद करायला यायचा.

त्यानंतर मी बऱ्याच गोष्टी बदलल्या. फळा सोडला, कागदावर जाड पेनाने लिहिते आणि वर लावलेला कॅमेरा तो कागद तिन्हीकडे दाखवतो. माझ्यासमोरची मुलंही आता तोच कागद पडद्यावर पाहतात, म्हणजे जे यांना दिसतं तेच त्यांना दिसतं. उपकेंद्रांचं चित्र पूर्वी माझ्या पाठीमागे असायचं, ते वर्गाच्या मागच्या भिंतीवर नेलं. त्याच्याच खाली कॅमेरा. समोरच्या मुलांकडे पाहताना माझी नजर आपोआप पलीकडच्या मुलांवरही जाते. पहिला प्रश्न नेहमी उपकेंद्राला, आणि नाव घेऊन. ‘काही शंका?’ असं हवेत विचारलं की पडद्यापलीकडून कुणीही बोलत नाही.

एवढं करूनही एक गोष्ट माझ्या हातात नाही. पलीकडच्या खोलीत विषय कळणारं एक माणूस हवं. ज्यांनी असं शिकवलंय, किंवा असं शिकलेत, त्यांनी कृपया लिहावं.

---

ध्वनीवाला | सोमवार, रात्री १०.२५

ताई, वर्गखोल्यांत ही यंत्रणा बसवायचं काम मी १२ वर्षं करतोय. खरेदी करताना बहुतेक ठिकाणी पैसा पडद्यावर जातो. मोठा टीव्ही, स्मार्ट बोर्ड, फिरणारा कॅमेरा. माइकची पाळी शेवटी, उरलेल्या पैशांत. खरं तर चित्र तासभर धूसर असलं तरी मुलं तग धरतात. आवाज फुटायला लागला की पाच मिनिटांत लक्ष उडतं, कारण प्रत्येक शब्द ओळखायलाच डोकं खर्ची पडतं.

आपल्या खोल्यांचे दोन शत्रू आहेत. पहिला डोक्यावरचा पंखा. छतातून लोंबणारे माइक पंख्याच्या शेजारी लावलेले मी किती ठिकाणी पाहिलेत! माणसाचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो, पंखा मात्र तिथेच घरघरत असतो. शिक्षकाला कॉलर माइक द्या आणि मुलांच्या बाकांवर बटण दाबून बोलायचे माइक, दोन बाकांत एक. तुमच्या त्या मुलीचा आवाज त्यानेच पलीकडे गेला असता. दुसरा शत्रू म्हणजे उघड्या भिंती आणि फरशी. आवाज आपटून परत येतो. मागच्या भिंतीला जाड पडदा आणि खाली सतरंजी, एवढ्यानेही खूप फरक पडतो, आणि त्याला निविदा काढावी लागत नाही.

चित्रात आडवे पट्टे फिरत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ असेल. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ते ५० करा. ट्यूबलाइटखालचे पट्टे जातील.

नेट मंदावलं की आधी कॅमेरे बंद करा, आवाज आणि कागद चालू ठेवा. नीट आवाजाला १०० केबीपीएसदेखील लागत नाहीत, चांगल्या चित्राला एक-दोन एमबीपीएस लागतात. आणि तेही गेलं तर साधा फोन लावून स्पीकरवर ठेवायचा. प्रत्येक पोडियमवर पलीकडच्या खोलीतल्या माणसाचा नंबर चिकटवलेला हवा. पण त्यासाठी पलीकडे माणूस हवा, म्हणजे तुमच्याच मुद्द्यावर आलो.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.५०

आपल्याकडे हा प्रयोग नवा नाही, आणि प्रत्येक पिढीत पलीकडची खोलीच विसरली गेली, म्हणून थोडा मागचा हिशोब मांडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी इन्सॅट-१बी उपग्रह आणि दूरदर्शन यांच्या मदतीने ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हे टीव्हीवरचं शैक्षणिक प्रसारण सुरू केलं. पुण्याच्या ईएमआरसीसारख्या (शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्र) केंद्रांनी त्यासाठी कष्टाने कार्यक्रम बनवले. मी तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो. कार्यक्रम दर्जेदार असत, पण बहुतेक इंग्रजीत, आणि दुपारी, ऐन प्रात्यक्षिकांच्या वेळेला. मुलांना विचारायची सोय नव्हती. मी कधी आवाज बंद करून स्वतः मराठीत समजावून सांगे. तेव्हा मुलं रमत.

पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट गेला, केवळ शिक्षणासाठी सोडलेला आपला पहिला उपग्रह. त्याच्या प्राथमिक टप्प्यात तीन विद्यापीठं होती: कर्नाटकातलं विश्वेश्वरय्या, मध्य प्रदेशातलं राजीव गांधी आणि आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. काही केंद्रांत दोन्ही बाजूंनी बोलता येणारी यंत्रं होती, काहींत नुसती ऐकण्या-पाहण्याची. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला किमान अर्धा सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बोलणाऱ्याला वाटतं पलीकडे कुणी ऐकत नाही, तो पुढे बोलायला लागतो आणि विद्यार्थ्याचं वाक्य त्यावर आदळतं. दोनदा असं झालं की विद्यार्थी पुन्हा तोंड उघडत नाही. प्रश्न विचारून मनात पाच अंक मोजायचे, अशी सवय मी लावून घेतली. सप्टेंबर २०१० मध्ये तो उपग्रह निवृत्त झाला.

त्याच वर्षी मार्चमध्ये, विद्यापीठं आणि संशोधन संस्था वेगवान तारांनी जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला (नॅशनल नॉलेज नेटवर्क) केंद्राने ५,९९० कोटी रुपये मंजूर केले. आता तारा आहेत, वेग आहे. जे उपग्रहावर अवघड होतं ते आज सोपं आहे. म्हणूनच पलीकडची खोली मोकळी पाहून अधिक वाईट वाटतं.

एक चांगलं उदाहरणही सांगतो. आयआयटी मुंबईने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी ज्या मोठ्या कार्यशाळा घेतल्या, त्यांत पवईहून व्याख्यान थेट जायचं, पण प्रात्यक्षिकं आणि उजळणी प्रत्येक दूरस्थ केंद्रातले समन्वयक घ्यायचे. त्या समन्वयकांना आधी पवईला बोलावून पाच दिवस प्रशिक्षण दिलं जाई. म्हणजे व्याख्याता एक, पण शिक्षक प्रत्येक खोलीत. माझ्या मते सगळं मर्म तिथे आहे.

---

लाल_माती | मंगळवार, दुपारी १.१५

मी अशा ‘पलीकडच्या खोलीत’ दोन वर्षं शिकले. विषय वेगळा, विद्यापीठही वेगळं असेल, पण तुमचा धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं.

आम्हाला काय वाटायचं ते सांगते. सर तिकडच्या मुलांशी हसायचे, काहीतरी स्थानिक विषय निघायचा, आणि आम्ही खिडकीतून दुसऱ्याच्या घरात बघितल्यासारखे बसायचो. आम्हाला नावाने हाक नव्हती. ‘उपकेंद्र, आवाज येतोय का?’ एवढंच. मग आम्हीही उपकेंद्र म्हणूनच उत्तर द्यायचो, सगळे मिळून, ‘हो सर’. आवाज येत नसला तरी.

माइक आमच्याकडे होता. पण बटण दाबलं की आपला चेहरा तिकडच्या मोठ्या पडद्यावर यायचा. तालुक्याच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीने ४० अनोळखी मुलांसमोर मोठ्या पडद्यावर यायचं आणि शंका विचारायची, हे सोपं नसतं हो.

एका सत्रात बाईंनी पहिला तास आमच्या खोलीतून घेतला. त्या दिवशी पडद्यावर मुख्य परिसर होता आणि बाई आमच्यात. डबा आमच्याबरोबर खाल्ला. त्यानंतर पूर्ण सत्रभर आम्ही विचारत होतो. तंत्र तेच, टीव्ही तोच.

---

सरळरेषा | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

सगळ्यांच्या कळकळीबद्दल आदर आहे. तरीही एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती बोलतो.

आमच्या विद्यापीठात उपकेंद्राची पदं वर्षानुवर्षं रिक्त आहेत. जोडवर्ग सुरू झाले तेव्हा आधी ऐच्छिक विषय होते. दुसऱ्या वर्षी एक मुख्य विषय गेला, तिसऱ्या वर्षी तीन. आता पदभरतीचा विषय काढला की ‘वर्ग तर चालू आहेत’ असं उत्तर मिळतं. तुम्ही जितकं चांगलं शिकवाल तितकं ते उत्तर पक्कं होईल. चांगल्या शिक्षकांच्या मेहनतीवर रिकाम्या खुर्च्या झाकल्या जाताहेत, आणि त्याचा मला मनापासून राग आहे.

---

घाटाखाली | मंगळवार, रात्री ११.३०

पलीकडच्या खोलीतला तो माणूस मी आहे. तासिका तत्त्वावर आहे, नेट-सेट या दोन्ही पात्रता परीक्षा झाल्यात. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण पुढच्या वर्षी नेमणूक हवी आहे.

आमच्या केंद्रावर आठवड्याला ४ तास मुख्य परिसरातून येतात. त्या वेळी मी खोलीत असतो. नेट गेलं की राउटर मीच चालू करतो, वीज गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही आणि एकच दिवा ठेवतो. तास संपल्यावर मुलं माझ्याभोवती जमतात. जे कळलं नाही ते मी फळ्यावर पुन्हा सांगतो, कधी अर्धा तास, कधी पाऊण. त्यासाठी मी आदल्या रात्री तोच धडा वाचून येतो.

हे तास माझ्या नावावर मोजले जात नाहीत. शिकवलं तिकडच्या मॅडमनी, मग मला मानधन कसलं, असा हिशोब आहे. माझं मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांवर असतं. मी त्याबद्दल दोनदा अर्ज दिला, उत्तर आलं नाही. कायम प्राध्यापकांच्या शिकवण्याचे तास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात लिहिलेले आहेत, सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६. दूरच्या वर्गात उभं राहून उजळणी घेणाऱ्याचं काम कुठल्या रकान्यात लिहायचं, ते आमच्या कार्यालयात कुणाला ठाऊक नाही.

सरळरेषा यांचं म्हणणं खरं आहे. तरी मी हा वर्ग बंद करा म्हणणार नाही. आमच्या मुलांपैकी दोघी या वर्षी असा विषय शिकल्या, जो मला शिकवता आला नसता. मला तो विषय येत नव्हता. त्यांच्याबरोबर बसून आता येतोय.

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ७.३०

घाटाखाली सर, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि झोप लागली नाही. चार वर्षं मी समजत होते की माझे तास बरे चालले आहेत कारण मी बदल केले. आता वाटतं, एखाद्या केंद्रावर निकाल बरा लागला तो कदाचित तुमच्यासारख्या कुणाच्या त्या अर्ध्या तासामुळे. मी त्यांचं नावही कधी विचारलं नाही. आज फोन करणार आहे.

लाल_माती, बटण दाबलं की चेहरा मोठ्या पडद्यावर येतो ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. आमच्याकडेही तसंच आहे.

---

धुक्यातून | बुधवार, दुपारी ४.४५

इंग्लंडच्या उत्तरेकडे गणितात पीएचडी करताना मी ‘मॅजिक’ नावाच्या व्यवस्थेतून विषय घेतले होते. तिथल्या अनेक विद्यापीठांचे गणित विभाग एकत्र येऊन पीएचडीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. काही अभ्यासक्रम १० तासांचे, काही २० तासांचे. ऑक्सफर्ड, वॉरिक, इम्पीरियल, बाथ, ब्रिस्टल यांचीही अशीच वेगळी एकत्र व्यवस्था आहे. कारण तुमचंच: एका विभागात एखाद्या विषयाचे एक-दोनच विद्यार्थी असतात.

सुरुवातीच्या काळात प्रत्येक विद्यापीठात त्यासाठी वेगळी खोली होती, भिंतीवर सगळ्या ठिकाणांची चित्रं. माझ्या खोलीत बहुतेक वेळा मी एकटीच असायचे. पण मला त्रास झाला नाही, आणि का झाला नाही याचा विचार हा धागा वाचून केला. पहिलं म्हणजे सगळेच पलीकडे होते. शिकवणाऱ्यासमोरही एखाददुसराच विद्यार्थी असायचा, त्यामुळे ‘खरा वर्ग’ आणि ‘जोडलेला वर्ग’ असा भेद नव्हता. टिपणं आधी मिळायची, परीक्षा घरी नेऊन सोडवायची असायची. आणि माझ्या विभागात माझे मार्गदर्शक होतेच. म्हणजे पाया जागेवर होता, जोड फक्त वरच्या मजल्याला होती.

सरळरेषा यांच्या मुद्द्याची सीमारेषा मला तिथे दिसते. विशेष विषय वाटून घ्यावेत. मूळ विषयाला मात्र प्रत्येक ठिकाणी शिक्षक हवाच.

---

सरळरेषा | बुधवार, संध्याकाळी ६.२०

ही सीमारेषा मला मान्य आहे. ती विद्यापीठाच्या परिपत्रकात लिहिलेली हवी, शिक्षकांच्या चांगुलपणावर सोडलेली नको.

---

ध्वनीवाला | बुधवार, रात्री ८.१०

चेहऱ्याच्या प्रश्नावर उपाय आहे. बोलणाऱ्याचं चित्र आपोआप मोठं होतं ती सोय सेटिंगमधून बंद करता येते. सगळ्या खोल्या सारख्या आकारात, कायम. विचारणारा फक्त ऐकू येतो. कागदाचं चित्र वेगळ्या पडद्यावर. दोन साधे टीव्ही एका महागड्या टीव्हीपेक्षा चांगले.

---

निवृत्त_मास्तर | बुधवार, रात्री ९.००

वेळापत्रकाचा प्रश्न राहिलाच. प्रत्येक जिल्ह्याच्या स्थानिक सुट्ट्या जिल्हाधिकारी जाहीर करतात. तीन जिल्हे जोडले की सत्रात दोन-तीन तास हमखास असे येतात की एक खोली बंद आणि दोन चालू. मागे राहतं ते नेहमी उपकेंद्रच, कारण मुख्य परिसराला सुट्टी असली की तास होतच नाही. सत्राच्या आधी तिन्ही याद्या समोर ठेवा, आणि कुठल्याही एका ठिकाणी सुट्टी असेल तर तो तास कुणालाच नाही, असं ठरवून टाका. रेकॉर्डिंग पाहून घ्या म्हणणं हे उत्तर नव्हे.

---

खडूफळा | गुरुवार, रात्री १०.१५

फोन केला. शेजारच्या जिल्ह्यातल्या उपकेंद्रात खरंच कुणी नाही, तिथे अजूनही शिपाई टीव्ही लावतो. घाटाखालच्या केंद्रात मात्र एक तरुण प्राध्यापक गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक तासाला मागे बसतात आणि नंतर उजळणी घेतात. कॅमेऱ्याच्या कोनात ते येत नाहीत, म्हणून मला कधी दिसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात अभ्यासमंडळाची बैठक आहे. तिथे दोन ठराव मांडणार आहे. जोडवर्गाच्या प्रत्येक तासामागे स्थानिक शिक्षकाची एक तासिका मोजली जावी, वेळापत्रकात ‘उजळणी’ म्हणून, नावासह. आणि जोडवर्ग फक्त ऐच्छिक विषयांना. पहिला ठराव अडेल, कारण त्याला पैसे लागतात. तरी तो इतिवृत्तात यायला हवा. विभागातल्या दोघांनी सही करायचं कबूल केलंय.

पहिली घटक चाचणी मी आणि ते सर मिळून काढणार आहोत, दोघांची नावं प्रश्नपत्रिकेवर. सोमवारचा तास त्यांच्या खोलीतून घेणार आहे. पहाटेची एसटी साडेपाचची आहे.

---

लाल_माती | गुरुवार, रात्री १०.४०

ताई, डबा न्या. आणि उजव्या फळ्यावर लिहू नका, आमच्यासारख्या खोल्यांत तिकडच्या खिडकीचा उजेड पडतो, मागच्यांना दिसत नाही.